माझी सरहद्दीवरची बदली

भाड्यानं खोली मिळावी म्हणून मी एकदा फौजेत भरती झालो. भरतीला एकूण चौदा मिनिटं लागली.

झालं असं, की साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर मी वॉचमन. 'वॉचमन' म्हटलं की घरमालक दार लावून घ्यायचे. माझ्या पगारात बसणारी एकच जागा सापडली, पण तिथं मालकाची म्हैस आधीपासून राहत होती. (ती निदान दूध देते, मी काय देणार?) महिनाभर बायको सुनंदा तिच्या भावाच्या स्वयंपाकघरात आणि मी त्याच्या गच्चीवर, टाकीशेजारी!

"रविवारपातूर खोली न्हाई झाली, तर मी चालले म्हायेरी, मेढ्याला," सुनंदानं सांगून टाकलं.

तेवढ्यात पाटी दिसली : 'खोली भाड्याने देणे. फक्त फौजी कुटुंबास.' गणवेश माझ्या अंगावर होताच!

घरमालकीण काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फौजी व्हय? कुठं असता?"

"सरहद्दीवर. जास्त इचारू नका काकू, गुप्त हाय."

शेजारी उभ्या सुनंदाला ठसका लागला. काकूंनी किल्ली दिली!

दहा दिवस स्वर्ग. मग काकूंनी विचारलं, "रजा कवा संपतीया?"

"सोमवारी," मी बोलून गेलो.

सोमवारी अख्खी गल्ली जमली. ओवाळणी, हार, नारळ! एका रिटायर सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला. मीही ठोकला, नारळासकट. कपाळाला टेंगूळ! मग सगळ्यांनी वाजतगाजत स्टँडवर नेऊन मला पुण्याच्या एसटीत बसवलं. मी पाचवडला उतरलो, उलट्या गाडीनं परत आलो आणि हारासकट गेटवर हजर झालो. मुक्काम वॉचमनच्या केबिनमध्ये.

आठव्या दिवशी गेटसमोर स्कूटर थांबली. काकू!

"काय फौजी, सरहद्द हितवर सरकली व्हय?"

मी पायच धरले. "काकू, खोली तेवढी काढून घेऊ नका!"

"काढतीय कशाला? मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं. तुज्या खिशावर कारखान्याचं नाव हुतं की!"

"मग हार, नारळ?"

"आरं, फौजीचं बिऱ्हाड ठेवती ते कशासाठी? बापय माणूस अकरा महिने भाईर. पानी कमी, भांडणं कमी, संडास मोकळा. तू कुठंबी ऱ्हा, घरात न्हाईस म्हंजे झालं!"

मी तडक सुनंदाला फोन लावला. "सोडायची का गं ही खोली?"

"आवं, कशाला? लय झ्याक खोली हाय. तुमी येत जावा की रजेवर!"

सध्या मी घरापासून दोन मैलांवर, त्याच गेटवर तैनात आहे. दिवाळीच्या रजेचा अर्ज टाकलाय. काकू आणि सुनंदा विचार करताहेत.