बापाच्या काडीवरचा बैल

स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या फळ्या ठोकणारा चंपत सुतार मूळचा भंडाऱ्याकडचा. भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत त्याला कामावर सगळे मिस्त्री म्हणत, पण त्याची खरी ऐट तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याची. पोरांनी ओढायचे वीतभर लाकडी बैल करावेत तर त्यानंच. वडिलांनी मरताना दिलेली खाचांची बांबूकाडी हे त्याचं माप: एवढी मान, एवढं वशिंड, पाय करंगळीएवढा जाड. काडी म्हणजे त्याचा देवच म्हणा ना!

त्या वर्षी क्वार्टरांतल्या गाववाल्यांनी हट्ट धरला, यंदा बैल छातीएवढा उंच हवा, आणि ओंडकाही आणून दिला. चंपतनं काडीवरचं प्रत्येक माप सहा पट धरून अख्खा ओंडका कोरला, चाकं लावली. पोळ्याच्या सकाळी दोर ओढून पाहिला आणि कडाड! चारही पाय मोडून बैल पोटावर बसला. लोक खो खो हसले. चंपतचं तोंड एवढंसं झालं. उद्या तान्हा पोळा, आणि डोक्यात भलताच भुंगा: बापानं माप चुकीचं दिलं की काय?

"कावून मोडला? मले तं काहीच समजून नाही राहिलं," तो बायकोला म्हणाला.

"बकरीच्या पायावर बैल उभा राहीन का?" बकरीला पाला टाकता टाकता ठकूबाई बोलली.

तो चिडला. सुतारकी आता हिच्याकडून शिकायची! तरी सुतळी घेऊन उठलाच. बकरीच्या पायाच्या नळीचा घेर चार बोटं भरला. शेजाऱ्याचा पोळ्यासाठी सजवलेला खरा बैल उंचीला तिच्या दुप्पट, म्हणजे त्याची नळी आठ बोटं हवी. भरली दहा. पुन्हा मोजली. दहाच. वीतभर बैल तो एका हातानं उचलायचा. हा सहा पट उंच, पण उचलायला बारा माणसं लागली होती. हे कुठलं गणित? त्याला काही केल्या उमगेना.

न उमगताच त्यानं खांबासारखे जाड पाय ठोकले. दुसऱ्या दिवशी बैल चालला, पोरं नाचली.

"मंग मामंजी चुकले म्हनायचे?" ठकूबाईनं विचारलं.

चंपतनं काडी छातीशी धरली. त्याला रडूच कोसळलं.

"बाबा कायले चुकतीन? वीतभराहून मोठा बैल त्याहीनं केलाच नाही. एवढं लाकूड त्याहीले कोनं कधी देल्लंच नाही."