चोकडीतली शेगडी

माझ्या पातेल्यावरचं झाकण त्यांनी छत्रीच्या टोकाने उचललं. हात नाही लावला. आत वांग्याची भाजी होती. सोबतच्या महापालिकेच्या साहेबाला गुजरातीत म्हणाले, "जुओ साहेब, बीजुं रसोडुं." हे बघा, दुसरं स्वयंपाकघर. मी तिथेच उभी होते, हातात उलथणं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

छत्रीवाले काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मराठी. पणजोबा इथल्या संस्थानच्या कचेरीत होते, हे दर दुसऱ्या वाक्याला सांगणार. निजामपुऱ्यातल्या या सोसायटीत आम्ही तिघी एक घर भाड्याने घेऊन राहतो. हेतल लॅबमध्ये आहे, रश्मी बँकेत, आणि मी गोरव्याच्या कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइल भरते. आम्हाला काढायला काकांनीच तक्रार केली होती. म्हणे हा रहिवासी झोन, इथे एका घरात एकच स्वयंपाकघर. दोन दिसली की ते घर नाही, हॉस्टेल. आणि हॉस्टेल इथे चालत नाही. कोपऱ्यावरच्या बंगल्यात सकाळ-संध्याकाळ क्लास भरतो, गल्लीभर स्कूटर उभ्या असतात, ते बरं चालतं!

आता ही दुसरी शेगडी तिथे आली कशी, ते ऐका.

राहायला आले त्याच आठवड्यात काकांनी मला फाटकाशी गाठलं. "अरे वा, आपल्यातलीच की! आडनाव काय?" मी सांगितलं. हसू होतं तिथेच राहिलं, डोळे तेवढे बदलले. मग गाव विचारलं. नंदुरबारकडचं. मग गाव सोडून वस्ती विचारली. कळायचं ते कळलं त्यांना. आम्ही बौद्ध, पूर्वीचे महार. दोन दिवसांनी परत आले, आवाज एकदम तुपातला. "बेटा, ती हेतल शुद्ध शाकाहारी. तुझी चूल मागे चोकडीत ठेव. उगाच कुणी बोलायला नको. आपल्या भाषेत सांगतोय, घरातलं घरात."

चोकडी म्हणजे मागच्या दारी भांडी घासायची जागा. वर पत्रा, बाजूला मोरीचं तोंड. तिथे मी शेगडी मांडली. मूग गिळून मांडली, कारण आडनाव कळल्यावरही एवढं तरी घर टिकलं होतं. हेतलने कधीच काही मागितलं नव्हतं. ती माझ्या ताटातली भाकरी ओढून खायची. आणि अंडी? अंडी खायची रश्मी. तिची शेगडी आत, ओट्यावर. आडनाव बरं होतं ना तिचं! मी वर्षभर अंडं शिजवलं नाही, आणि शेगडी बाहेर माझी.

त्याच शेगडीकडे आता काका छत्री दाखवत होते. जी स्वतः बाहेर काढायला लावली, तिचाच पुरावा करत होते. अंगाची लाही लाही झाली. आधी जात बघून मला बाहेर बसवायचं, मग बाहेर बसलीय म्हणून घरच काढून घ्यायचं. वा रे न्याय!

मी तोंड उघडलं. गुजरातीत. गल्लीला कळेल अशा आवाजात.

"साहेब, आ चूलो में अहीं नथी मूक्यो. आमणे मुकाव्यो छे. मारी जात जोईने." ही चूल मी नाही इथे ठेवली, यांनी ठेवायला लावली, माझी जात बघून.

काकांचा चेहरा पडला. "अगं, मराठीत बोल ना," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"का? मराठीत बोललं की कुणाला ऐकू जात नाही म्हणून?"

शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबली होती. मी गॅस बंद केला, भाजीचं पातेलं खाली ठेवलं, शेगडी उचलली. गरम होती, बोट भाजलं. ती आत ओट्यावर नेऊन ठेवली, हेतलच्या कुकरला खेटून.

"आता मोजा स्वयंपाकघरं."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले, सुनावणी होईल, काय सांगायचं ते तिथे सांगा. छत्री काखेत मारून काका त्यांच्या मागे गेले.

संध्याकाळी काकांचा निरोप आला. माझ्याकडे नाही, त्या दोघींकडे. हिला काढा, तक्रार मागे घेतो. हेतलने निरोप्याला दारातच झापलं. रश्मी दुसरी खोली बघतेय. बघू दे.

सुनावणीला मी जाणार आहे. काय सांगणार ते ठरलंय: हॉस्टेलचं नंतर बघू, आधी यांना विचारा की तिघींपैकी एकीचीच चूल बाहेर का काढली. काका हात जोडतील, बेटा म्हणतील, आपण एकाच मातीतले म्हणतील. त्यांचा मायेचा आवाज मी पुरेपूर ऐकलाय. घर गेलं तर जाईल. दुसरं शोधीन, आणि तिथे पाऊल टाकायच्या आधी आडनाव मीच सांगीन, दारातच, मोठ्याने. ज्याला दार लावायचंय त्याने माझ्या तोंडावर लावावं, आणि का लावतोय ते बोलून लावावं.