उपाशीपोटी सोनोग्राफी

आता तुम्हाला हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधेमधे थांबावं लागणार नाही. कारण हा गाढवपणा मी एकट्याने केला नाही. त्यात बायको, बहीण, अर्धी सोसायटी आणि पनवेलमधलं एक सोनोग्राफीचं मशीन, सगळ्यांना ओढलं. क्रमाने सांगतो.

तर झालं असं, की माझ्या पँटी आटायला लागल्या.

आधी मी बायकोला विचारलं, "नंदा, साबण बदललास का गं?"

"साबणाने आटली तर लांबीलाही आटेल ना? ह्या फक्त कमरेत आटल्यात!"

मग मी टेलरकडे गेलो. रोडपालीत आमच्या सोसायटीखालीच त्याचं दुकान आहे. म्हटलं, "तू शिवतानाच माया कमी सोडलीस." त्याने शांतपणे माझ्या पोटाभोवती टेप फिरवली, आकडा बघितला, टेप गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, "काका, कपडा तेवढाच आहे. आतला माल वाढलाय."

मी चिडलो. का नाही चिडणार? आमच्या डॉक्टरांनी साखर काठावर आली म्हणून सांगितल्यापासून मी एखाद्या साधूसारखा जगत होतो. चहातली साखर बंद. रात्रीचा भात बंद. दुसरी पोळी बंद. तळलेलं बंद! मी मूळचा उरणचा, कोळ्याच्या घरातला. तव्यावर सुरमई चरचरतेय आणि आपण तिच्याकडे पाठ करून दुधीची भाजी खातोय, हे काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. एवढं सोसून वजन उतरायला हवं होतं. ते चढत होतं!

आता इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. तेव्हा ती मला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

मी कोन गावाजवळच्या एका गोदामात स्टॉक बघतो. माल सगळा खाण्याचा, पाकीटबंद. फोर्कलिफ्टचा दात लागून एखादा खोका फाटला की कंपनी तो परत घेत नाही. आतली पाकिटं मात्र ठणठणीत असतात. अशी पाकिटं आम्ही स्टाफमध्ये वाटून घेतो. त्याला आमच्याकडे 'चेपलेला माल' म्हणतात. पूर्वी मी क्रीमची बिस्किटं आणि वेफर आणायचो. डॉक्टरांनी दम दिल्यावर ते सोडलं आणि फक्त तब्येतीला चांगला असलेला चेपलेला माल आणायला लागलो. ज्वारीची बिस्किटं, भाजलेल्या नाचणीचे चिप्स, ओट्सचे बार, वरून साखर न घातलेला ज्यूस. पाकिटं हिरवी, त्यांवर धान्याची कणसं, एखाद्यावर लाल हृदयाचं चित्र. ज्याच्यावर हृदय, ते पाकीट मी औषधांच्या कपाटात ठेवायचो. खरंच सांगतो!

आणि हे काही खाणं नव्हे हो. आपल्याकडे ताट वाढलं तर ते जेवण. उभ्याउभ्या, टीव्ही बघताना, गोदामाच्या गेटवर ट्रकची वाट बघताना जे तोंडात जातं ते नुसतं 'काहीतरी'. 'चहाबरोबर काहीतरी घ्या की.' त्या काहीतरीला कोण मोजतं?

असो. एका रविवारी माझी मोठी बहीण, लीलाताई, उरणहून आली. मासळीची पाटी तिने अजून सोडलेली नाही. दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"आरे जना, पोट बघ तुजं! जेवतोस तरी किती?"

"एक पोळी, ताई."

"आन भात?"

"रात्री बंद आहे."

"मासली?"

"उकडून. कधीमधी."

"मग ह्ये पोट हाय कशाचं?"

नंदा मधे पडली. "वन्सं, खरंच सांगते, ह्यांचं जेवण चिमणीएवढं झालंय. मी रोज वाढते ना!"

ताई एकदम गप्प झाली. ताई गप्प होणं म्हणजे उरणचा बाजार बंद पडण्यासारखं आहे. खुर्चीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "बाबांचं पन आसंच झालं व्हतं. जेवन कमी, आन पोट मोठं."

आमच्या बाबांच्या पोटात पाणी झालं होतं. त्यातून ते उठले नाहीत. त्यांचं ते शेवटचं ताणलेलं पोट मला अजून दिसतं, आणि ताईच्या त्या एका वाक्यानंतर ते मला माझ्याच शर्टाखाली दिसायला लागलं.

बस्स! त्या दिवसापासून मी आजारी पडलो. टिचकी मारून पोट वाजवून बघायचो. रिकाम्या डब्यासारखं वाजलं की बरं वाटायचं, भरल्यासारखं वाजलं की घाम फुटायचा. आणि भीती वाटली की काहीतरी तोंडात टाकायचो. औषधांच्या कपाटातून!

ताईने उरणला सांगितलं, नंदाने सोसायटीत. मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण जातं सांगा? तिसऱ्या मजल्यावरचे शिर्केभाऊ ताकदीच्या पावडरचा डबा घेऊन आले. "दुधातून सकाळ-संध्याकाळ घ्या. अशक्तपणा चेहऱ्यावर दिसतोय." कुणी खजुराची बिस्किटं आणली, कुणी बिनसाखरेचे लाडू, कुणी खारवलेल्या बियांचं पाकीट. पूर्वी आजाऱ्याला लोक मोसंबी आणायचे, ती सोलायचा तरी कंटाळा यायचा. आता सगळं कसं, कोपरा फाडा आणि तोंडात टाका.

मी कुणाचं मन मोडलं नाही. आजारी माणसाने घ्यायला हवं म्हणून सगळं निष्ठेने घेतलं. पोट आणखी वाढलं. पोट वाढलं म्हणून भेटायला येणारे वाढले. ते वाढले म्हणून डबे वाढले. तुमच्या लक्षात येतंय ना? आमच्या कुणाच्याच येत नव्हतं!

शेवटी नंदा मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, "खाणं काय काय आहे?" मी घडाघडा ताट सांगितलं. अर्धी वाटी डाळ, एक पोळी, दुधी. नंदा बाजूला मान हलवत होती. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. आता विचार करा, दुधीवर जगणाऱ्या माणसाचं पोट वाढत असेल तर डॉक्टर तरी काय समजणार? त्यांनी चिठ्ठी लिहिली. "पोटाची सोनोग्राफी करून घ्या. उपाशीपोटी जा. पाणी भरपूर प्या आणि लघवी धरून ठेवा."

सोनोग्राफीच्या आदल्या रात्री मी जेवलो नाही. ताटच घेतलं नाही. सकाळी नाश्ता नाही, पोहे नाहीत, काही नाही. सेंटरवर ही गर्दी! बाकावर बसून भीती आणि लघवी दोन्ही धरून ठेवली होती. नंदा पुटपुटत जप करत होती. बऱ्याच वेळाने माझं नाव पुकारलं.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. "काका, उपाशी आलात ना?"

"अगदी उपाशी."

त्यांनी पोटावर गार जेल लावलं. "श्वास घ्या, धरा. सोडा. कुशीवर वळा." मग बराच वेळ त्या नुसत्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या भुवयांकडे बघत राहिलो. भुवया जवळ आल्या.

"काका, पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय का तुमचं?"

"नाही."

"कधीच नाही? नक्की?"

"नाही हो. का?"

"नीट दिसत नाहीये."

"दिसत नाहीये म्हणजे? गेलं कुठे?"

त्यांनी मशीनचं ते टोक पोटाच्या मध्यावर आणून दाबलं. "आणि हे एवढं मोठं काय आहे?" हे त्या माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्या. "एक मिनिट हं काका, मी सरांना बोलावते."

संपलं! पडद्यापाशी नंदा उभी होती. मी तिला म्हटलं, "नंदा, विम्याचे कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. आणि ताईला एकदम सांगू नकोस. हळूहळू सांग."

"गप्प बसा हो," ती म्हणाली आणि पुन्हा जप सुरू केला.

सर आले. वयस्कर, जाड चष्म्याचे. त्यांनी दोनदा मशीन फिरवलं आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"काही नाही."

"रात्री?"

"जेवलोच नाही, सर."

"खरंच नाही जेवले हो डॉक्टर," नंदा म्हणाली. "अन्नाचा कण नाही पोटात. म्हणून तर मी इथे बाहेर बसल्यावर तो बार दिला."

सरांचा हात थांबला. "कसला बार?"

"ओट्सचा. हार्टसाठी असतो ना, तो."

"एकच?"

"दुसरा नंतर. गर्दी फार होती ना."

"आणखी काही?"

"आणखी काही नाही. सकाळी फक्त चहा. बिनसाखरेचा."

"नुसता चहा?"

"नुसता कसा देणार? ह्यांना पित्त होतं. ज्वारीची बिस्किटं होती सोबत."

"किती?"

"पाकीट अगदी लहान असतं हो!" हे मी झोपल्या जागेवरून ओरडलो. आता माझ्या तपस्येवरच संशय येत होता. "आणि पाणी प्यायलोय भरपूर, सांगितल्याप्रमाणे. म्हणजे अर्धं पाणी. अर्धा ज्यूस. त्यात साखर घातलेली नसते."

सरांनी चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, वाईट बातमी सांगायचा धीर गोळा करतायत. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी तर तोंडावर फाइल धरली होती.

"अहो, तुमचं पित्ताशय जागेवर आहे," सर डोळे पुसत म्हणाले. "काही खाल्लं की ते आकसतं. तुम्ही त्याला कामाला लावून आलात, ते दिसणार कसं?"

"आणि ते मोठं काय होतं?"

"ते जठर आहे. बार, बिस्किटं, ज्यूस, सगळी मंडळी तिथे जमलीयेत."

"आणि पाणी? पोटात पाणी झालंय का, सर?"

माझा आवाज बदललेला त्यांना कळला असावा. ते हसायचे थांबले. पुन्हा मशीन लावलं, डावीकडे, उजवीकडे, खाली. मी श्वास धरला. ह्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

"एक थेंब नाही. चरबी आहे. लिव्हरवरही थोडी दिसतेय. बाकीचं उद्या बघू, उद्या खरोखर उपाशी या."

"फक्त चरबी?"

"फक्त चरबी."

"नंदा, फक्त चरबी आहे गं!"

नंदाने डोळ्यांना पदर लावला. मी जेल पुसायचंही विसरून बाहेर धावलो. थोडी कृतज्ञता आणि बरीचशी धरून ठेवलेली लघवी.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा उपाशी काय असतं ते अनुभवलं. सेंटरवर पोचेपर्यंत मला पनवेल नव्याने दिसलं. वडापावच्या गाड्या तर पहिल्यापासून आहेत, त्यांना मी ओळखून होतो. पण मेडिकलच्या काउंटरवर बार, पेट्रोल पंपावर कुकीज, मोबाइल उघडावा तर त्यात एकावर एक फ्री. वाट चुकवून जावं म्हटलं तर तिकडे केकचं नवीन दुकान! ह्या रस्त्याने मी रोज जात होतो आणि रोज हात पुढे करत होतो.

पित्ताशय दिसलं. बाकी सगळं जागच्या जागी. रिपोर्ट बघून आमचे डॉक्टर म्हणाले, "मी तुमचं खाणं विचारलं, तुम्ही मला ताट सांगितलंत. मीही पुढे विचारलं नाही, चूक माझीही आहे. आता असं करा, पाकिटावर समोरचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. आणि वाचायचा कंटाळा आला तर सुरमई खा. तेल कमी घाला, पण खा." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

ताईला फोन केला. ती आधी रडली, मग तिने मला पाकिटांसकट उद्धारलं, मग म्हणाली, "देवाला पेढे ठेव. आन जे जे बघायला आलं त्यांना पन दे."

देवाला पेढे ठेवले आणि संध्याकाळी बॉक्स घेऊन मी जिना चढलो. लिफ्ट मुद्दाम सोडली. तिसऱ्या मजल्यावर शिर्केभाऊंनीच दार उघडलं. मी धापा टाकत पेढा पुढे केला.

"काय, रिपोर्ट आला?"

"आला. पाणी नाही, गाठ नाही, काहीही नाही!"

"वा, वा, देव पावला!" त्यांनी पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला. मग चावता चावता त्यांची नजर हळूहळू खाली माझ्या शर्टाच्या बटणांवर येऊन थांबली. "मग हे पोट कशाचं म्हणायचं?"

मी म्हटलं, "भाऊ, कसून तपासणी केली. ते माझं स्वतःचंच निघालं."