पोरीचं हक्कसोड

आमच्या कर्जत-खालापुरात हक्कसोड हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक. शहरातले बंगलेवाले जमिनी विकत मागायला लागले आणि घरोघरी भावांनी जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या बहिणींच्या सह्या घेऊन साडीचोळीवर त्यांची बोळवण केली. माझ्या नवऱ्यानेही आपल्या बहिणींचं असंच उरकलं होतं. आमच्या घटस्फोटाचं ठरलं तेव्हा त्याला वाटलं, मुलीचंही तसंच उरकेल.

कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता तो म्हणाला, "मी पोरीवरचा हक्क सोडतो, तू तिची पोटगी सोड. हक्कसोड करून टाकू. भांडण नाय, तंटा नाय."

त्याला दुसरं लग्न करायचं होतं. रसायनीच्या कारखान्यात नोकरी पक्की होती, मध्ये अडचण तेवढी आमच्या मुलीची. चहाचा कप त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. पण मी लगेच कबूल झाले. शाळेतल्या माझ्या पगारात आम्हा दोघींचं भागत होतं, आणि त्याची ब्याद कायमची टळणार होती.

आमच्या वकीलबाईंनी दोघांनाही झाडलं. "पोर म्हणजे काय सातबाऱ्यावरचं नाव आहे, कमी करायला? पोटगी मुलीची आहे बाई, ती सोडणाऱ्या तुम्ही कोण? आणि तुम्ही हो, हक्क सोडा नाहीतर धरा, तिचा खर्च तुम्हाला चुकत नाही."

त्याचं तोंड कडू झालं. म्हणाला, "पैशे द्यायचेच हायेत, तर हक्क फुकट कशाला सोडू? भेटायला येनार मी पोरीला."

झालं. मघापर्यंत नकोशी असलेली मुलगी पैसे पडणार म्हटल्यावर हवीशी झाली. कोर्टानेही भेटीला परवानगी दिली.

आता महिन्यातून एका रविवारी तो येतो. बागेतल्या बाकावर मोबाईल बघत बसतो, तिला वडापाव घेऊन देतो, आणि निघताना मला ऐकू जाईल अशा बेताने विचारतो, "पैशे पोचले ना?" मी मान हलवते. बोलायला तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याची मला भीती वाटते.

गेल्या रविवारी तिची वेणी घालत होते. नवा फ्रॉक तिने आदल्या दिवशीच काढून ठेवला होता.

"आई, बाबांना माझी खूप आठवण येते ना गं? म्हणून येतात ना ते?"

"हो," मी म्हणाले.

"मग तू त्यांच्याशी नीट का बोलत नाहीस?"