पडद्याआडची खुर्ची

धुळ्यात आमच्या शेजारच्या अक्का अंगाने फार जड. अर्धांगवायू झालेले त्यांचे यजमान एकदा न्हाणीत पडले, तेव्हा त्यांना उचलायला अक्कांनी मला हाक मारली. आपल्याला एकटीला त्यांना उचलता आलं नाही, हे अक्कांना फार लागलं.

मग रोज सकाळी त्यांच्या दाराच्या पडद्याआडून खुर्ची करकरू लागली. अक्का हळूच उठायच्या, परत बसायच्या, दम लागला की थांबायच्या.

"जमतंय का, अक्का?" मी बाहेरूनच विचारलं.

"हळूहळू व्हई जाई, भाऊ. घाई कोनले शे?"

हिवाळ्यात एका दुपारी पलीकडे धपकन आवाज झाला. मी धावत गेलो, तर यजमान पलंगावर टेकलेले आणि दोघंही धापा टाकत होते. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

यजमान अडखळत मला म्हणाले, "हिनीच उचलं माले."