खांब नंबर तेवीस

आधी काकूंचं सांगतो. गिरगावातल्या एका लाकडी चाळीत, तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत ब्लाऊज शिवणाऱ्या काकू. त्यांनी टेप लावून माझं माप घेतलं नसतं, तर मी चोर म्हणून हिंगोलीला परत गेलो असतो. आता काय झालं ते.

ती चाळ पाडायची नाही, दुरुस्त करायची असं ठरलं होतं. सध्या तशी हवा आहे. जुनं लाकूड परत वापरलं की नव्या सिमेंट-लोखंडाचा धूर वाचतो, आणि वाचलेल्या धुराचं सर्टिफिकेट मिळतं म्हणे. त्यासाठी आधी मशीनने अख्खी चाळ स्कॅन केली, ऑफिसात तिचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवलं, आणि मॉडेलमधल्या प्रत्येक सागवानी खांबाला नंबर दिला. नंबराचा स्टिकर खांबावर चिकटवायचा आणि लाकडावर नजर ठेवायची, हे काम माझ्याकडे आलं. आधी मी राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, उचलत होतो. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला असं काम मिळालं याचा आनंद कमी आणि धास्ती जास्त. दिवसातून दोनदा खांब मोजायचो.

स्टिकर आले तेवीस. खांब भरले बावीस.

“ए हिंगोली,” सुपरवायझर म्हणाले, “तेवीस नंबर कुठे विकलास?”

“साहेब, तो नव्हताच.”

“मॉडेलमध्ये आहे म्हणजे आहे. सागवानाचा भाव माहितीये ना तुला?”

इंजिनिअर मॅडमनी टॅबवर दाखवलं. दुसऱ्या मजल्याची गॅलरी, नळाच्या शेजारी, एक खांब. बाकीच्यांपेक्षा अंगाने बारीक, पण उभा. आम्ही वर जाऊन पाहिलं तर नळ होता, खांब नव्हता. जमिनीवर त्याची खूणसुद्धा नव्हती. पण मॉडेलच्या हिशेबात छपराचा तो कोपरा याच खांबावर होता, आणि तो नाही म्हटल्यावर स्क्रीनवर कोपरा लालभडक झाला. म्हणजे गॅलरी पडायला हवी होती. ती पडत नव्हती, तरी मॅडमनी तिथे दोरी बांधायला लावली. ज्या जागी पिढ्यान्‌पिढ्या लोक दात घासत आले, तिथे आता पाय ठेवायला बंदी.

“दादा, घाबरू नका, फक्त आठवा,” मॅडम म्हणाल्या. काय आठवणार?

चाळकऱ्यांना विचारलं. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, तिथे खांब कधीच नव्हता. दुसऱ्या दिवशी टॅबवरचं चित्र बघून नळाशेजारचे काका विचारात पडले. “होता की! माझे वडील त्याला टेकून पेपर वाचायचे.”

“तुमचे वडील कधी पेपर वाचायचे?” काकांची बायको आतून ओरडली.

पण साक्ष झाली ती झाली. सुपरवायझरनी सांगितलं, उद्या दुपारपर्यंत खांब आण, नाहीतर चौकीत चल. चोरीचा डाग लागला की गिरगाव ते परळ एकही कंत्राटदार उभा करत नाही. मी गच्ची बघितली, राबिटाचा ढीग उपसला. शेवटी आपली पत्र्याची पेटीही उघडून बघितली. दहा फुटी खांब, दोन फुटी पेटी. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, “अहो, एवढा मोठा खांब तुम्ही लपवणार कुठं?” म्हटलं, तेच तर त्यांना कळत नाही.

मुदतीच्या दिवशी सकाळी काकूंनी शर्ट घालून बघायला बोलावलं. मी अंगावर फाटका शर्ट घालतो म्हणून आठवड्यापूर्वी त्यांनी माझं माप घेतलं होतं, न विचारता.

“श्वास सोड रे मेल्या, ताठलंस कित्याक?”

मी सगळं सांगितलं. सांगताना रडलो, ते त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं. गळ्यात टेप, काखेत मापाची वही घेऊन, गुडघे दुखत असताना त्या दोन जिने चढल्या.

“दाखव गं तुझा खांब.”

मॅडमनी मॉडेल दाखवलं. काकूंनी चष्मा पुसला. “हे तुम्ही गिरवलेलं. मशीनने काय बघितलं ते दाखव.”

मॅडमनी मूळ स्कॅन उघडलं. त्यात नुसते ठिपके, पण ठिपक्यांचा खांब वेगळाच होता.

“खांबाला कोपर असतं?” काकूंनी विचारलं.

मॅडमनी बोटांनी ठिपके मोठे केले.

“छातीला किती भरतो बघ.”

“चौतीस इंच.”

“खांदा?”

“सोळा... पण डावी बाजू अर्धा इंच खाली आहे.”

काकूंनी वही उघडून पुढे केली. माझ्या नावाखाली लिहिलं होतं: छाती चौतीस, खांदा सोळा, डावा अर्धा इंच उतरता.

“खांब नाही गं हा. माझं गिऱ्हाईक आहे.”

मग मला आठवलं. स्कॅनच्या दिवशी मी डोक्यावर घमेलं घेऊन गॅलरीतून चाललो होतो. खालून कुणीतरी ओरडलं, “हलू नका!” मी थांबलो. शाळेत मला एकच गोष्ट पक्की येत होती, शिक्षा म्हणून उभं राहणं. मशीन फिरत राहिलं, मी उभा राहिलो. घमेलं खांबाचं डोकं झालं, आणि घमेल्यापासून छपरापर्यंतचा भाग मशीनकडून सुटला असं समजून ऑफिसवाल्यांनी तो भरून काढला. अशा रीतीने छप्पर माझ्या डोक्यावर आलं.

“म्हणजे ह्याने स्वतःलाच चोरलं?” सुपरवायझर म्हणाले.

मॅडम खूप हसल्या आणि एकदम थांबल्या. ऑफिसातून दुरुस्ती व्हायला आठ दिवस लागणार होते, आणि सकाळी सगळे स्टिकर वाचून झाल्याशिवाय टॅबवरचं ॲप त्या दिवसाचं काम उघडत नव्हतं. मग आठ दिवस रोज सकाळी मी काकूंनी शिवलेला शर्ट घालून, खिशावर तेवीस नंबर लावून नळाशेजारी उभा राहायचो. मॅडम माझ्या छातीवर टॅब धरायच्या. स्क्रीनवर यायचं: खांब २३, जागेवर, सुस्थितीत. माझ्याबद्दल असं लेखी कुणी कधी दिलं नव्हतं. खालून काकूंची हाक यायची, “खांबा, चहा निवतोय!”

नवव्या दिवशी आलं: खांब २३ रद्द. दोरी सुटली, काका परत नळावर दात घासू लागले. सुपरवायझरनी माफी मागितली नाही. “जा, बावीस मोज,” एवढंच म्हणाले. मी तीनदा मोजले.

काकूंच्या बाजूची दुरुस्ती अजून व्हायची आहे. त्यांच्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीची चौकट वाळवीने खाल्ली आहे, आणि मशीनचं टेबल इतकं खाली आहे की त्यांची मान दिवसभर वाकलेली असते. मी आता आमच्या सुतारमिस्त्रींच्या हाताखाली रंधा मारायला शिकतोय. अजून फळी सरळ निघत नाही. पण एक दिवस त्या खिडकीला नवी चौकट आणि तिच्याखाली जुन्या सागवानाचं टेबल मी बसवणार आहे. त्यासाठी काकूंना खुर्चीत बसवून, त्यांचीच टेप घेऊन, कोपरापासून जमिनीपर्यंत माप मी घेईन. श्वास सोडा, असंही सांगेन.