जावईबापूंचं मौनव्रत

हान्सरावांची आणि माझी पहिली गाठ पडली विमानतळाच्या मालगोदामात. मी नुकताच कामाला लागलो होतो, ते आमच्या पाळीचे मुकादम. कँटीनमध्ये वाढणाऱ्या बाई पन्नाशीकडे झुकलेल्या. त्यांनी हान्सरावांपुढे सूप ठेवलं आणि शाळकरी मुलीसारखं लाजत विचारलं, "तुम्ही रॉनी ब्रूक ना?"

"होतो," हान्सराव म्हणाले. "आता सूप गार होतंय."

मग हळूहळू उलगडा झाला. हान्स टेरब्रुख सोळाव्या वर्षी हेगमधल्या एका नाचाच्या हॉलमध्ये गिटार घेऊन उभे राहिले आणि बघता बघता रॉक अँड रोलवाले रॉनी ब्रूक झाले. नाव रेकॉर्ड कंपनीने दिलं, केसांचा कोंबडाही तिनेच काढायला लावला. पोरी जाकिटाची बटणं तोडून नेत आणि यांच्या मातोश्री नवी शिवून शिवून कावत. थोड्याच वर्षांत लांब केसांचे बँड आले, दारातली गर्दी ओसरली. भल्याभल्यांचं अशा वेळी डोकं फिरतं. हान्सराव डबा घेऊन गोदामात रुजू झाले. टाळ्या थांबल्या म्हणून गाणं कशाला थांबवायचं, एवढंच त्यांचं त्यावरचं म्हणणं.

साताऱ्याच्या सुलभाताई इथे नर्स म्हणून आल्या, त्यांच्याशी लग्न झालं आणि हान्सराव आपल्या मराठी मंडळाचे जावई झाले. रविवारी विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्पच्या घरी ते मंडळातल्या मुलांना गाणं शिकवतात. मुलं डचमध्ये उत्तरं देतात, हे डच गृहस्थ त्यांना मराठीत दटावतात. माझी नात बेसूर गाते म्हणून मागे दडून बसायची. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि सगळ्यांना तिच्या पट्टीत गायला लावलं.

यंदा हिवाळ्यात त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि आपण मंडळींनी काय केलं? शहरातल्या बुइटनव्हेल्डर्टहून, झुइडओस्टहून, न कळवता, घोळक्याने, ज्येष्ठमधाचा काढा घेऊन पोचलो. "बोलू नका हं," म्हणायचं आणि लगेच विचारायचं, दुखतं का, जेवण जातं का? जावईबापू भिडस्त. पुटपुटत उत्तर द्यायचे. सुलभाताईंनी डॉक्टरांचा हवाला दिला, कुणी मनावर घेईना. शेवटी त्या दारातच सांगू लागल्या, "ह्यांनी मौनव्रत धरलंय."

झालं. डॉक्टरांना न जुमानणारी माणसं व्रताला वचकली. लांबूनच नमस्कार करून परतू लागली. हान्सराव डोळे मिटून बसायचे. हसू दाबायला, असं ताई सांगतात.

तरी आवाज परत येतो की नाही, हा घोर होताच. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाची तयारी चालली होती, पण गाण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. तपासणीला मीही त्या दोघांबरोबर गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काहीतरी बोला. हान्सराव ताईंकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "सुलभा, काढा बंद."

आवाज जाडसर, पण स्वच्छ, त्यांचाच. डॉक्टरीणबाईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांची मान समाधानाने डोलली. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. माझा जीव भांड्यात पडला. गेल्या आठवड्यात या समारंभाच्या तालमीला ते एक अख्खं कडवं गायले.

हान्सराव, ऐंशी वर्षं झाली, शंभरीही अशीच ठणठणीत गाठा. सुलभाताईंचा सहवास लाभो, गळा सुखरूप राहो. आणि आम्ही घरी आलो की मनसोक्त बोला. या खेपेला गप्प बसायचं आमच्याकडे लागलं.